सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून हिमाचलच्या लाहौलमधल्या बर्फाची जाडी काढता येते का?

नुसत्या त्या प्रतिमांवरून नाही. बर्फ कुठे आहे ते कळतं, किती ते नाही. थर हातभर झाला की पुढे एक हात काय नि दहा हात काय, वरून सारखंच पांढरं.

तरी सुरुवात तिथूनच करा. बँड ३ (हिरवा प्रकाश) आणि बँड ११ (लघुतरंग अवरक्त) यांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे एनडीएसआय, बर्फाचा निर्देशांक, तो ०.४ च्या वर असेल तर बर्फ. बँड ११ चा पिक्सेल २० मीटरचा, बँड ३ चा १०, म्हणून आधी दोन्ही एका मापावर आणा. उघडं पाणीही या कसोटीत बर्फ म्हणून घुसतं. बँड ८ ची (जवळचा अवरक्त) परावर्तकता ०.११ च्या वर हवी ही अट घातली की चंद्रताल सरोवर गळतं.

जाडीसाठी खात्रीचा मार्ग वजाबाकीचा: प्लेयाडसारख्या उपग्रहाच्या स्टिरिओ जोडीवरून (एकाच जागेच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रतिमा) सप्टेंबरचं, म्हणजे बर्फाविनाचं, आणि मार्चचं उंचीचं मॉडेल बनवा, मार्चमधून सप्टेंबर वजा करा. खरी मेहनत दोन्ही जुळवण्यात आहे. ३० अंशांच्या उतारावर आडवी चूक २ मीटर असेल तर उभी चूक १.१५ मीटर येते, म्हणजे नसलेला बर्फ छातीपर्यंत! वाऱ्याने झाडून निघालेले खडक आणि खालचे दक्षिणाभिमुख उघडे उतार निवडा. तिथे फरक शून्याच्या आसपास येईपर्यंत जुळवत राहा. सगळं नीट झालं तरी एकेका पिक्सेलमागे अर्ध्या मीटरची चूक धरा. ३० सेंटिमीटरचा ताजा बर्फ यात सापडणार नाही.

ताज्या बर्फावर प्रतिमा जळून पांढरी झाली की स्टिरिओ जुळणीला धरायला काहीच उरत नाही, म्हणून १२ बिटची, उजेडाच्या जास्त पायऱ्या टिपणारी प्रतिमा मागा. आणि बडा शिग्रीसारख्या हिमनद्या वगळाच, तिथे खालचा पृष्ठभागच हलतो.

फुकटात हवं असेल तर सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह: कोरडा थर वाढतो तसं व्हीएच आणि व्हीव्ही या रडारच्या दोन ध्रुवीकरणांच्या संकेतांचं गुणोत्तर वाढतं. पण उत्तर किलोमीटरभराच्या चौकटीत मिळतं, आणि बर्फ ओला झाला की रडारचा संकेत तिथेच मुरतो. पहाटेची फेरी घ्या. कोरड्या दिवसापेक्षा संकेत ३ डेसिबलने पडलेले पिक्सेल टाकून द्या. एएमएसआर-२ या उपग्रहावरच्या मायक्रोवेव्ह संवेदकाच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या एका पिक्सेलमध्ये अख्खं खोरं कड्यांसकट मावतं.

पाणी किती हे हवं असेल तर घनता जागेवर मोजावीच लागेल: घनमीटरला ३०० किलो असेल तर मीटरभर बर्फाचं पाणी ३०० मिलिमीटर, १०० असेल तर १००.