मळेवाडा की मळ्यातला बंगला?

मॉरिशसच्या ‘युरेका’ या जुन्या घरावरचा लेख मराठीत आणताना ‘प्लँटेशन हाउस’ला ‘मळेवाडा’ आणि रिस्टोरेशनला ‘जीर्णोद्धार’ म्हणावं का, असा प्रश्न आहे.

‘मळा’ अगदी बरोबर. चहाचे मळे आपण म्हणतोच. अडचण ‘वाड्या’ची आहे. वाडा आत बघतो: बाहेरून भिंत, मध्ये चौक, चौकाभोवती सोपे. मोका गावचं युरेका याच्या नेमकं उलटं. 1830च्या सुमाराचं हे लाकडी घर, दारं-खिडक्या मिळून शंभरावर, म्हणजे चहूकडून वारा आणि बाहेर बसायला व्हरांडा. तिथली फ्रेंच या व्हरांड्याला ‘वारांग’ म्हणते. आपल्याच शब्दाचा दूरचा भाऊबंद. व्हरांड्याचं, चारी बाजूंनी मोकळं घर म्हणजे बंगला. हा शब्दही मूळ ‘बंगाली धाटणीचं घर’ या अर्थाचा, साहेबांनी उचललेला. आसामातही चहामळ्याच्या साहेबाचं खांबांवर उचललेलं घर ‘चांग बंगला’च. तेव्हा माझं मत ‘मळ्यातला बंगला’ला.

मग ‘कोठी’ का नको? मॉरिशसच्या भोजपुरीत कोठी म्हणजे अख्खी साखर-इस्टेट: ऊस, कारखाना, मजुरांची वस्ती, सगळं. बिहारातली निळीची कोठी आठवा. 1834पासून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते. बंगला साहेबाचा, राबायचं ते कोठीवर. मराठी वाचक मात्र कोठी म्हटल्यावर धान्याच्या खोलीत शिरतो! (गोऱ्यांच्या व्यापारी कोठीलाही आपण ‘वखार’ म्हणत आलो.) लेखात मजूर बोलत असतील तिथे कोठी जरूर ठेवा, एकदा अर्थ सांगून.

आता ‘जीर्णोद्धार’. तो देवळांचा. त्यात जुनं उतरवून नवं बांधणंही बसतं, वर पुण्यही लागतं. मॉरिशसच्याच मापू गावच्या शातो द लाबूर्दोनेचं 2006 ते 2010 काम चाललं ते 1859चं घर होतं तसं उभं राहावं म्हणून. असल्या कामाला ‘जतन-दुरुस्ती’ पुरे. वाळवी आणि चक्रीवादळं यांच्या देशात लाकडी घर म्हटल्यावर ‘मोठं घर पोकळ वासा’ ही म्हण शब्दशः खरी व्हायची भीती. मथळा शोधत असाल तर ती घ्या, फक्त मालकांना मराठी येत नाही याची खात्री करून.