जुन्या बँग अँड ओलुफसेन कॅटलॉगमध्ये लोकांना एवढं काय दिसतं?

तुम्ही विचारलंय की बँग अँड ओलुफसेन या रेडिओ, टर्नटेबल, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचे १९७० च्या दशकातले कॅटलॉग लोक हौसेनं विकत का घेतात. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घेतलं तर निदान गाणी ऐकता येतात, नुसत्या कागदात काय आहे? माझ्याकडे यंत्रं दोनच आहेत आणि कॅटलॉग अकरा, म्हणून लिहितो.

यंत्र पन्नास वर्षांत बदलत जातं. कुणी झाकण बदलतं, कुणी लाकडावर पॉलिश मारतं, कुणी मिळेल ती वायर जोडतं. ते बनवणाऱ्यांनी ते कसं दिसावं, घरात कुठे असावं, कुणी कसं हाताळावं असं ठरवलं होतं, ते सगळं एकत्र शाबूत राहिलंय ते कॅटलॉगमध्येच. मला त्याचंच वेड आहे.

ही कंपनी डेन्मार्कमधल्या स्ट्रुअर नावाच्या लहानशा गावाची. पीटर बँग आणि स्वेन ओलुफसेन या दोन तरुण इंजिनिअरांनी ती १९२५ मध्ये सुरू केली, ओलुफसेन यांच्या वडिलोपार्जित वाड्याच्या माळ्यावर. मी नोकरीनिमित्त काही वर्षं डेन्मार्कमधल्याच आरहूस शहरात होतो. तिथे सेवाभावी संस्था जुन्या वस्तूंची दुकानं चालवतात. शनिवारी सकाळी अशा एका दुकानात पुस्तकांच्या खोक्यात मला पहिला कॅटलॉग मिळाला, दहा क्रोनरला. तेव्हा माझ्याकडे या कंपनीचं काहीच नव्हतं. घरी येऊन चहा केला, कॅटलॉग उघडला, आणि चहा तसाच गार झाला.

ज्या पानावर मी अडकलो ते बिओग्राम ४००२ या टर्नटेबलचं. फोटोत दोन आर्म, म्हणजे रेकॉर्डवर येणारे दांडे, शेजारी शेजारी, अगदी समांतर. एकाला सुई आहे, दुसऱ्याला नाही. मग दुसरा कशाला?

रेकॉर्डची मूळ तबकडी ज्या यंत्रावर कोरतात, त्याची कोरणी कडेपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत सरकते. साध्या टर्नटेबलचा आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुई कमानीत जाते आणि खोबणीशी तिचा कोन सतत थोडा थोडा चुकत राहतो. बिओग्राम ४००० मध्ये, आणि नंतरच्या ४००२ मध्ये, अख्खा आर्मच कोरणीसारखा सरळ सरकतो. आणि त्या दुसऱ्या आर्ममध्ये एक बारीकसा दिवा आणि प्रकाश ओळखणारा डोळा आहे. रेकॉर्ड ठेवायच्या चकतीवर काळ्या पट्ट्या आहेत. वर रेकॉर्ड नसेल तर फिरणाऱ्या पट्ट्यांमुळे परतणारा प्रकाश लुकलुकतो, यंत्राला कळतं की चकती रिकामी आहे, आणि ते सुई खाली टेकवतच नाही. रेकॉर्ड असेल तर ती मोठी की लहान हे पाहून मिनिटाला ३३ फेरे की ४५, हा वेग तेच ठरवतं. हे १९७२ साली, घरातल्या कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी.

हे सगळं त्या एका फोटोनं मला विचारायला लावलं. दोन आर्म का, या कुतूहलातून मी आधी डॅनिश शब्दकोश उघडला, मग सर्व्हिस मॅन्युअल शोधलं, आणि दोन वर्षांनी ते टर्नटेबल घेतलं. चांगल्या कॅटलॉगचं काम ते हेच, असं मला मनापासून वाटतं. तो वाचणाऱ्याला शहाणा समजतो.

या यंत्राचं रूप याकोब येन्सन यांचं आणि आतली करामत इंजिनिअर कार्ल गुस्ताव त्सॉयथेन यांची. येन्सन यांनी या कंपनीसाठी केलेल्या कामाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९७८ मध्ये भरवलं होतं. पण संग्रहालयात वस्तू चौथऱ्यावर एकटी असते. कॅटलॉगमध्ये ती घरात असते, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो. १९७२ मध्ये कंपनीनं स्वतःसाठी सात तत्त्वं लिहून काढली होती. त्यातलं एक घरगुतीपणाचं: तंत्रज्ञानानं घरात राहणाऱ्यांच्या कलानं घ्यावं. बिओमास्टर १९०० हा त्यांचा १९७६ चा रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र, बघा. रोज लागणारी नियंत्रणं समोर, तीही नुसत्या स्पर्शानं चालणारी; महिन्यातून एकदा लागणारी झाकणाखाली. झाकण मिटलेलं असताना त्याची भीती वाटत नाही. आजोबांच्या घरी रेडिओवर आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा. रेडिओला घरचं करून घ्यायची तिची ती रीत होती. इथे ते काम बनवणाऱ्यांनीच करून ठेवलं होतं.

एक गोष्ट सरळ सांगतो, कारण या कंपनीच्या प्रेमात पडलेले लोक ती सांगत नाहीत. नुसत्या ताकदीचा हिशेब केला तर ही यंत्रं मागे पडतात. त्याच १९७६ सालचा पायोनियर या जपानी कंपनीचा एसएक्स-१२५० हा रिसीव्हर दर चॅनलला १६० वॅट द्यायचा, बिओमास्टर १९०० जेमतेम ३०. जपानी कंपन्यांचे त्या काळातले कॅटलॉगही देखणे आहेत, मोठमोठी बटणं, चमकणारे मीटर, आणि आकड्यांचे तक्ते. ते वाचताना मला दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. स्ट्रुअरचे वाचताना कुणाच्या तरी दिवाणखान्यात.

आता लाकडाबद्दल, कारण इथे माझा सगळ्यात जास्त जीव अडकलाय. कॅटलॉगच्या मागच्या पानांवर कुठलं यंत्र कुठल्या लाकडात किंवा रंगात मिळेल ते दिलेलं असतं: टीक, पॅलिसँडर, पांढरा. टीक म्हणजे आपला सागवान. पॅलिसँडर हे आपल्या शिसवाच्याच कुळातलं लाकूड. डेन्मार्कच्या थंडीत यातलं एकही झाड उगवत नाही. त्या काळातल्या डॅनिश फर्निचरचं सागवान आग्नेय आशियातून यायचं, शिसव मुख्यतः ब्राझीलमधून. परक्या देशात, परक्या भाषेतल्या कागदावर मला सागवान आणि शिसव भेटले तेव्हा घरचं कुणीतरी अचानक समोर आल्यासारखं झालं. ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत, त्यामुळे यंत्राभोवतीची ती शिसवी चौकट आता नव्यानं तशी बनायची नाही. जी आहे ती जपायची.

याचा उपयोगही झाला. मी ऑनलाइन घेतलेला बिओमास्टर शिसवी आहे म्हणून विकणाऱ्यानं जास्त पैसे घेतले होते. आमच्या देवघरात शिसवी चौरंग होता, लहानपणापासून रोज पुसलेला, त्यामुळे आल्या आल्या शंका आली. कॅटलॉग काढला, दोन्ही लाकडांचे फोटो शेजारी शेजारी होते. शिसवात काळ्या रेघा लाटांसारख्या धावतात. माझ्या यंत्रावर त्या नव्हत्याच, सागवानाचे सरळ धागे होते आणि वर गडद पॉलिश. छपाईचा रंगही वर्षांनी फिका होतो, त्यामुळे नुसत्या छटेवर जाऊ नका, रेषा बघा. पॉलिश मी हळूहळू, तीन रविवार घालवून उतरवलं. खालचं सागवान सुंदर निघालं, आणि आता मला ते शिसवापेक्षा आवडतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर महागड्या, कोऱ्या करकरीत प्रतींच्या मागे लागू नका. मधल्या पिना गंजलेल्या असतात. पान जोरात उघडलं की तिथेच फाटतं. लॅमिनेशन कधीही करू नका. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात आडवे ठेवा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नक्की सिलिका जेलची पुडी टाका. किमतीचा सुटा कागद आत असेल तर तो तिथेच राहू द्या. तो बहुतेक वेळा हरवलेला असतो.

माझ्या त्या दहा क्रोनरच्या कॅटलॉगमध्ये तो कागद होता. या कंपनीचं जुनं घोषवाक्य असं होतं की आमची वस्तू किमतीच्या आधी अभिरुची आणि दर्जा यांची चर्चा करणाऱ्यांसाठी आहे. किमतीच्या कागदामागे पेन्सिलीनं बेरीज केलेली आहे. बिओग्राम ४००२, बिओमास्टर १९००, एम ७० स्पीकरची जोडी, आणि खाली एकूण रक्कम, तिच्याखाली दोन रेघा. मग एम ७० वर काट, बाजूला लहान एस ४५ ची किंमत, आणि पुन्हा बेरीज. हातचे वर बारीक लिहिलेले, आपल्या शाळेत लिहायचो तसेच. तरी रक्कम जास्तच वाटली असावी, कारण तिसऱ्या बेरजेत टर्नटेबल कापून एक स्वस्तातलं लिहिलंय.

आणि त्या काटलेल्या ४००२ च्या शेजारी वेगळ्या, गोलसर अक्षरात डॅनिशमध्ये एकच शब्द आहे: नको. खाली बाण काढून स्पीकरच्या ओळीवर काट मारलेली, म्हणजे कापायचंच तर ते कापा. त्या घरात शेवटी काय आलं ते कागद सांगत नाही. पण मी ४००२ वर रेकॉर्ड ठेवतो तेव्हा दर वेळी वाटतं की बाणवाल्या व्यक्तीचं ऐकलं असेल.