पेट्रोल पंपाच्या फोटोत एवढं काय आहे?

फोटोबद्दल विचारा: या वेळी तीन पत्रं, तिन्ही कोल्हापूर जिल्ह्यातली

प्रश्न: काका नमस्कार. मी राजारामपुरीत राहते, आर्टच्या डिप्लोमाला आहे. सरांनी आम्हाला स्टीफन शोअर या फोटोग्राफरचे अमेरिकेतले फोटो दाखवले. त्यात एक चौक होता, पेट्रोल पंप, खांब, तारा, गाड्या, बस एवढंच. सर म्हणाले हा फोटोग्राफीतला फार मोठा फोटो आहे. मी घरी येऊन परत परत बघितला तरी मला कळेना. असले फोटो मी दाभोळकर कॉर्नरला उभी राहून मोबाईलवर दिवसाला शंभर काढेन. एवढं काय आहे त्यात?

उत्तर: अगं तो चौक लॉस एंजेलिसमधला, बेव्हर्ली बुलेव्हार्ड आणि ला ब्रेया ॲव्हेन्यू जिथं मिळतात तिथला, आणि फोटोची तारीख आहे २१ जून १९७५. तारीख मुद्दाम सांगतोय, कारण हा माणूस २२ जूनला परत त्याच चौकात गेला आणि परत फोटो काढला. मला विचारशील तर सगळं त्या दुसऱ्या दिवसात आहे.

पहिल्या दिवशीचा फोटो परत काढून बघ. रस्ता लांब जात जात एका बिंदूला मिळतो, पाट्या आणि खांब बरोबर जागच्या जागी, नजर आपोआप आत ओढली जाते. क्लॉद लोरँसारखे सतराव्या शतकातले चित्रकार निसर्गचित्र असंच रचायचे, आणि शोअरना स्वतःलाच वाटलं की मी जुन्या चित्रांतली रचना उचलून या चौकावर बसवतोय, मग हा चौक स्वतः कसा आहे ते मी बघितलं कुठं? म्हणून दुसऱ्या दिवशी परत, ती रचना बाजूला ठेवून बघायला. फोटो चांगला आला होता तरी गेला, हे लक्षात घे.

आता यात कॅमेऱ्याचा भाग मोठा आहे. १९७२ मध्ये ते छोट्या ३५ एमएम कॅमेऱ्यावर अमेरिकाभर फोटो काढत फिरले, पण मोठी प्रिंट करायला गेलं की दाणे दिसायचे, म्हणून १९७३ ला ४ बाय ५ इंची फिल्मचा कॅमेरा घेतला आणि पुढं ८ बाय १० इंचीचा. ८ बाय १० ची एक शीट म्हणजे ३५ एमएमच्या एका फ्रेमच्या जवळजवळ साठपट जागा, त्यामुळं लांबच्या पाटीवरचं अक्षरसुद्धा वाचता येतं. पण हा कॅमेरा हातात धरून चालत नाही, स्टँड लावायचा, डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, मागच्या घासलेल्या काचेवर चित्र बघायचं, फोकस करायचा, मग होल्डर, म्हणजे फिल्मच्या शीट धरणारी चपटी पेटी, मागं घालायचा, आणि एका होल्डरमध्ये शीट फक्त दोन. शीट महाग, धुवायचा खर्च वेगळा, म्हणून शोअर एका विषयाचा एकच फोटो घ्यायचे. शंभर काढून त्यातला एक निवडायचा तर निवड नंतर होते, इथं ती आधीच करावी लागते, उभं कुठं राहायचं, दोन पावलं डावीकडं सरकलं तर तो खांब त्या पाटीवर चढतो का, हे सगळं फडक्याखाली.

आमच्या वडिलांच्या स्टुडिओत असा लाकडी कॅमेरा होता. काचेवर चित्र उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडं, आणि मी लहानपणी ते बघायला मान वाकडी करायचो. वडील म्हणायचे, मान सरळ ठेव, माणूस बघू नको, आकार बघ. शोअरांचा पेट्रोल पंप मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हेच वाक्य आठवलं, कारण त्यात पंपाला जेवढं महत्त्व तेवढंच खांबाला, तेवढंच दोन गाड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेला.

आणि परत परत एकाच जागी जाणं आपल्या गावाला काय नवीन आहे? आपले चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ किती वेगवेगळ्या वेळी रंगवलं. तू असं कर, दाभोळकर कॉर्नरला स्टँड घेऊन जा, अर्धा तास नुसती बघ, एकच फोटो काढ, मोबाईलवर काढलास तरी चालेल. घरी येऊन तो कागदावर मोठा करून बघ, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत जा. दोन्ही फोटो मला पाठव.

प्रश्न: इचलकरंजीहून लिहितोय, वय ६८. आमच्या काळात रंगीत फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम आणि कॅलेंडर, कला म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट. या अमेरिकन लोकांनी एवढा मोठा कॅमेरा वाहून नेऊन रंगीतच फोटो का काढले?

उत्तर: काका, तिकडंही मोठमोठ्या लोकांचं मत तुमच्यासारखंच होतं. वॉकर इव्हान्स म्हणजे तिथल्या रस्त्यांचा आणि दुकानांच्या पाट्यांचा आद्य फोटोग्राफर, त्यांनी रंगीत फोटो सवंग असतात असं लिहून ठेवलंय, आणि नंतर १९७३ मध्ये त्यांनीच पोलरॉइडवर, म्हणजे लगेच छापील फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यावर, रंगीत फोटो काढायला सुरुवात केली. १९७५ ला रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसमध्ये माणसानं बदललेल्या जमिनीच्या फोटोंचं गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात रंगीत काम एकट्या शोअरांचं होतं.

रंग कशाला पाहिजे याचं माझ्याकडं एक पक्कं उदाहरण आहे. अमेरिकन फोटोग्राफर जोएल स्टर्नफेल्ड यांचा डिसेंबर १९७८ चा फोटो, जागा व्हर्जिनियातलं मॅक्लीन. मागं घर पेटलंय, ज्वाळा नारिंगी, पुढं भोपळ्यांचा स्टॉल, भोपळेही नारिंगी, आणि अग्निशमन दलाच्या वेशातला एक माणूस निवांत भोपळा निवडतोय. बघणाऱ्याला वाटतं हा ड्युटी सोडून बाजार करतोय, पण खरं तर ती आग सरावासाठी लावलेली होती. आता हाच फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा. आग करडी, भोपळा करडा, नजर एकाकडून दुसऱ्याकडं जायला वाटच राहत नाही. तिथं रंग काढला तर विषयच जातो.

आपल्याकडचं सांगतो. २०१९ च्या पुरात पाणी चढलं त्याची मातकट रेघ शाहूपुरीतल्या भिंतींवर राहिली होती. मी तेव्हा ब्लॅक अँड व्हाईटच काढायचो, आणि आज ते फोटो बघतो तर ती रेघ भिंतीच्या मळात मिसळून गेलीय, दाखवून द्यावी लागते. खाली पुराचा रंग आणि वर भिंतीचा मूळ हिरवा, एवढं साधं होतं ते, आणि तेच माझ्या फोटोत नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

जोएल मायरोविट्झ यांचं काम पण बघा, १९७६ च्या उन्हाळ्यात केप कॉड या अमेरिकेतल्या समुद्रकाठच्या भागात ८ बाय १० चा लाकडी कॅमेरा घेऊन गेले, घराचा व्हरांडा, समुद्र, संध्याकाळ, दुसरं काही नाही, पण संध्याकाळ किती रंगांची असते ते तिथं दिसतं. आणि फुकट बघायचं असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९३९ ते १९४४ मधले सरकारी फोटोग्राफरांनी काढलेले सुमारे १,६०० रंगीत फोटो आहेत, शेतकरी, जत्रा, कारखान्यात काम करणाऱ्या बायका, त्यातले बरेच ४ बाय ५ वरचे. नातवाला सांगा, काढून देईल.

प्रश्न: काका, गडहिंग्लजला आमच्या माळ्यावर आजोबांचा लाकडी भात्याचा कॅमेरा सापडलाय. त्यावर रंगीत फोटो निघेल का?

उत्तर: निघेल, पण लगेच नाही. आधी भाता, म्हणजे लेन्स आणि मागची काच यांच्यामधला घड्यांचा भाग, तपास, खोली पूर्ण अंधारी कर, आत बारकी टॉर्च घाल आणि बाहेरून प्रत्येक घडी बघ, घडीच्या कोपऱ्यांतच भोकं असतात. मग काचेचं माप घे. आपल्या जुन्या स्टुडिओंत हाफ प्लेट खूप चालायची, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच, आणि आजची रंगीत शीट फिल्म मुख्यतः ४ बाय ५ आणि ८ बाय १० मध्ये येते, शिवाय काचेच्या प्लेटच्या होल्डरमध्ये फिल्म सैल पडते. म्हणून कॅमेऱ्याची मागची बाजू ४ बाय ५ ची नवीन करून घ्यावी लागेल. चांगला सुतार करेल. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा अख्खा कॅमेरा याच कोल्हापुरात बनवला होता, ही तर एक चौकट आहे.

तोवर ब्लॅक अँड व्हाईटचा फोटो पेपर मापात कापून जुन्याच होल्डरमध्ये घाल आणि निगेटिव्हसारखा वापर. त्याचा स्पीड, म्हणजे उजेड टिपायची ताकद, ६ आयएसओच्या आसपास धरायचा, लाल दिव्यात धुता येतो, चूक झाली तर एक कागद जातो. असे वीसेक कागद झाले की मग रंगीत शीट विकत घे. आणि लेन्स आत्ता पुसू नको, आजोबांच्या वेळची बुरशी असेल तर चोळून कोटिंग नाहीतर काच जाईल, आधी भात्याचा आणि लेन्सवरच्या अक्षरांचा फोटो पाठव, मग सांगतो.