हातातलं काम काढून घेऊ नका

ताई, सासूबाई तुमच्याकडे राहायला आल्यात, तर आधी थोडे दिवस त्यांना काय काय जमतं ते नुसतं बघा. भाजी निवडणं, देवपूजा, दूधवाल्याचा हिशेब हे त्यांच्याकडेच राहू द्या, वेळ दुप्पट लागला तरी. "तुम्ही बसा हो, मी करते" असं प्रेमानं म्हणत म्हणतच आपण माणसाला खुर्चीत बसवून टाकतो.

बाथरूमचं मात्र आजच बघा. टॉवेलच्या दांडीचा आधार नको, भार पडला की ती उखडते. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा, पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर मंद दिवा. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचं बीपी 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीमुळेही तसं होतं. पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

व्यायाम म्हणाल तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, जमेल तसं हात न टेकता, उठणं-बसणं. सुरुवातीला शेजारी थांबा.

कानही तपासून घ्या. "हल्ली विसरतात" म्हणतो त्यातलं बरंच काही त्यांना मुळात ऐकूच आलेलं नसतं. आणि हो, पेन्शनचं पासबुक त्यांच्याच कपाटात. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर पहिल्यांदा सोबत जा, पुढे त्यांच्या त्या जातील.