एकच कोपरा धर

अगं पोरी,

तुझी यादी वाचली. नऊ दिवसांत मनिला, बनाउए, एल निदो, बोहोल, बोराकाय, आणि वर मलाच विचारतेस, यातलं काय गाळू? सगळं गाळ. एकच कोपरा धर. फिलिपिन्स म्हणजे सात हजारांवर बेटांचा देश. तुझे निम्मे दिवस विमानतळावरच्या बाकांवर जातील.

बनाउएची डोंगरउतारावरची भातखाचरं, उन्हाळ्यात चॉकलेटी पडणाऱ्या बोहोलच्या टेकड्या, सगळं सुंदरच आहे. ते पुढच्या खेपेला. आत्ता लेगास्पीला उतर आणि आल्बाय-सोर्सोगोन हे दोन प्रांत सोडून हलू नकोस.

तिथेच का? बोटीवरचा आमचा कुक बिकोलचा, म्हणजे याच भागातला. त्याचं गाव ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं, पण बोट मनिलाला लागली की आमची धाव धक्क्याच्या फाटकापर्यंत. निवृत्तीनंतर गेलो तेव्हा तो उरला नव्हता. असो.

मायोन पहाटे बघ. ऊन चढलं की शिखरावर ढग येऊन बसतात. ज्वालामुखी जिवंत आहे. सहा किलोमीटरच्या आत कायमची बंदी आहे, गाईड काहीही सांगो. कागसावाला 1814 च्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या चर्चचा घंटामनोरा तेवढा उभा आहे. लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि निघतात. तू बस जरा.

डोन्सोलला व्हेल शार्कबरोबर पोहता येतं. तिथे त्यांना चारा टाकत नाहीत, म्हणून कधी दिसतात, कधी नाही. सेबूतल्या ओस्लोबला खायला घालून बोलावतात, तिथे हमखास दिसतात. तिकडे जायचं असेल तर मला विचारू नकोस.

आता जेवण. हॉटेलात नाही, कारिंदेरियात, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीत. पातेली मांडलेली असतात. झाकण उचलायचं, बघायचं, बोट दाखवायचं. दुपार कलली की चांगलं ते संपलेलं असतं. लाइंग घे: वाळवलेली अळूची पानं, आलं, मिरची, आणि तेल सुटेपर्यंत आटवलेलं नारळाचं दूध. पानं पडली की ढवळायचं नाही, नाहीतर घसा खाजतो, असं आमचा कुक बजावायचा. आपण चिंच घालून मोकळे होतो. कामालिग गावचं पिनांगात तर सोडूच नकोस. अळूच्या पानात सारण भरून, झावळीच्या पात्याने पुडी बांधून नारळदुधात शिजवतात. तू मासे खातेस ते बरं आहे, कारण नुसत्या भाजीतसुद्धा खारवलेला जवळा निघतो.

माझा भाऊ अजून टोमणे मारतो, फिलिपिन्सला जाऊन बोराकाय नाही पाहिलंस? नाही पाहिलं. 2018 मध्ये सरकारनेच ते बेट सहा महिने बंद ठेवून साफ करून घेतलं, इतकी गर्दी तिथे. मी मात्र एका जागी राहिलो, म्हणून चार दिवसांत कारिंदेरियावाली न विचारता माझ्या भातावर लाइंग वाढायला लागली. पाच बेटं पालथी घालून कोण वाढणार होतं? म्हणून म्हणतो, एकच कोपरा.

जून ते नोव्हेंबर जाऊ नकोस, बिकोल वादळांच्या वाटेतच आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमधलं तिकीट बघ. विमानतळ आता दरागाला आहे, मनिलाहून तासाभराचं उड्डाण. रात्रीची बसही मिळते, पण एसी इतका कडक असतो की शाल सामानात टाकू नकोस, हाताशी ठेव.