विंचवाचा फोटो काढा, नाकतोडा खा

मालवाहू जहाजांवर कुक म्हणून नोकरी करून खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेले काका वाचकांच्या खाण्यापिण्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी पत्रं आली ती परदेशातल्या ताटाची.

प्रश्न : काका, आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. दिवाळीनंतर बेळगावच्या ग्रुपबरोबर थायलंड आणि व्हिएतनामला निघालोय. आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघून यादीच केलीय : नाकतोडे, विंचू, आत पिल्लू असलेलं अंडं, कच्च्या रक्ताची वाटी. मला आतापासूनच मळमळतंय. परमुलखात पोट बिघडलं तर? अडवू की खाऊ देऊ?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : बाई, अडवू नका. खरं यादीला कात्री लावा, आणि ती मी सांगतो तिथं लावा.

दिसायला किळसवाणं तेच बाधणार, असं आपण धरून चालतो. जहाजावरची नवी पोरं बंदरात उतरली की तळलेले किडे बघून तोंड फिरवायची आणि चकाचक हॉटेलात जाऊन कापून ठेवलेली पपई नि बर्फाचं सरबत हाणायची. दुसऱ्या दिवशी पोट धरून गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, लिंबू-मीठ मागायला तीच हजर. नाकतोडा कढत तेलातनं निघतो, त्याच्यात जंतू काय जगणार? कापून तासभर ठेवलेल्या फळाला कसली आच लागलेली असते?

थायलंडच्या ईशान्य भागात किडे पिढ्यान् पिढ्या खातात. आता तर रातकिडे पाळतात : सिमेंटचे हौद, आत अंड्यांचे रिकामे ट्रे उभे केलेले, त्या खाचांत ते राहतात. तळून वर सोया सॉस आणि मिरपूड मारतात. नाकतोड्याच्या मागच्या तंगड्या आणि पंख मोडून टाकायचे, नाहीतर घशाला टोचतात. उरलं ते कुरकुरीत, थोडं खारट, आपल्या भाजलेल्या सुक्या जवळ्याच्या जवळ जाणारं. आणि इथंच ह्यांना एक विचारा : कोळंबी, जवळा खाल्ला की अंगावर गांधी उठतात का? उठत असतील तर किडेही बंद. कोळंबीतलं जे प्रथिन बाधतं, त्याचा भाऊबंद किड्यांत असतो.

विंचवावर पैसे घालवू नका. बँकॉकच्या खाओसान रोडवर काडीला टोचून ठेवलेले ते काळे विंचू तुमच्याआमच्यासाठी आहेत, तिथला माणूस संध्याकाळी घरी जाताना ते घेत नाही. काही गाड्यांवर तर फोटोचेही पैसे पडतील अशी पाटी असते. द्या थोडे बाट, काढू दे ह्यांना फोटो.

अंड्याचं सांगतो. बदकाचं, उबवणीला ठेवलेलं, मग उकडलेलं. फिलिपिन्समध्ये ते बालूत, साधारण 14 ते 18 दिवसांचं. व्हिएतनाममध्ये त्याहून जून आवडतं, म्हणजे चोच आणि पिसांची सुरुवात दिसते. बारक्या कपात बोथट टोक वर करून अंडं उभं देतात. चमच्यानं टकटक करून वरची टोपी काढायची आणि पहिल्यांदा आतलं पाणी प्यायचं. ते पाणीच खरी गंमत, कोंबडीच्या रश्श्यासारखं लागतं. मग मीठ-मिरपूड-लिंबू आणि राव राम नावाच्या उग्र पाल्याबरोबर बलक खायचा. खाली पांढरा कडक गोळा राहतो, तो बरेच जण टाकून देतात, ह्यांनी टाकला तर कुणी हसणार नाही. अंडं गरम असेल तरच घ्या. मनिलाचे फेरीवाले बालूत रात्रीचं विकतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला अंधार बराच उपयोगी पडतो, असं माझं मत.

आता कात्री. रक्ताची वाटी पूर्ण रद्द. तिला तिएत कान्ह म्हणतात, डुकराचं किंवा बदकाचं कच्चं रक्त थिजवून वर शेंगदाणे आणि पाला. डुकराच्या रक्तातनं स्ट्रेप्टोकोकस सुइस हा जंतू माणसात येतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, वाचलेल्यांपैकी कित्येकांचे कान जातात. आपल्याकडची बकऱ्याची रक्ती परतून शिजवलेली असते, तिच्याशी हिची बरोबरी करू नका. दुसरं, ईशान्य थायलंडात कोई प्ला म्हणून गोड्या पाण्याचा कच्चा मासा लिंबू-मिरचीत कालवून देतात. लिंबानं मासा पांढरा होतो, शिजत नाही. त्यातली कृमी यकृताच्या पित्तनळ्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करते आणि त्यातनं पित्तनळीचा कर्करोग होतो. त्या भागात हे दुखणं मोठं आहे.

पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं इथनंच न्या. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, डॉक्टर गाठा. आणि बाई, तुमच्यासाठी वेगळं : सकाळच्या बुफेत कोमट झालेला भात दिसला तर तो सोडा. तुम्ही नाकतोड्याला भिताय, माझी भीती त्या भाताची.

प्रश्न : माझा पुतण्या मेक्सिकोत नोकरीला आहे. त्यानं फोटो पाठवलाय, काणी (बुरशीचा रोग) पडलेलं मक्याचं कणीस लोक चवीनं खातायत! आमच्या रानातही अशी कणसं निघतात, ती आम्ही जाळतो. खाल्ली तर चालतील?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : अण्णा, पुतण्या खोटं बोलत नाही. तिकडं त्याला वीत्लाकोचे म्हणतात. दाणे फुगून करड्या-रुपेरी गाठी होतात, त्या कोवळ्या असतानाच काढतात, कांदा-मिरचीवर परततात आणि मक्याच्याच पोळीत भरून देतात. शिजल्यावर काळंकुट्ट होतं, चव अळंबीसारखी मातकट, मागनं मक्याचा गोडवा. चांगल्या कणसापेक्षा ह्याला जास्त भाव मिळतो, हे ऐकून तुमची झोप उडेल.

खरं तुमच्या रानातलं जाळा. मक्याला एकाहून जास्त जातीची काणी येते, तुमची ती हीच का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. भुकटी झाली असेल तर मेक्सिकोवालाही तोंडात घालत नाही. कणसावर दुसरी हिरवी-पिवळी बुरशी असली तर तिचं विष यकृताला घातक. आणि 2018 पासून लष्करी अळीपायी आपण मक्यावर काय काय फवारतोय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वळवानंतर जांबोटीकडनं बायका वारुळावरची अळंबी घेऊन येतात, ती घ्या आणि खा.

प्रश्न : आम्ही जैन. कांदा-लसूणही नाही. टूरवाला म्हणतो, ‘व्हेज मिळेल, काळजी नको.’ विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, अथणी

उत्तर : ठेवू नका. टूरवाला लबाड आहे असं नव्हे. ‘व्हेज’ म्हटल्यावर तिथला आचारी मांसाचे तुकडे काढतो आणि फिश सॉस तसाच ठेवतो. बारके मासे आणि मीठ पिंपात घालून महिनोन् महिने मुरवलेलं ते पाणी. त्याच्यालेखी ते मीठच.

थायलंडात पिवळ्या पताकेवर लाल अक्षर असलेली ‘जे’ची दुकानं शोधा. तिथं मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, लिहिलेली पाटी बघा. अमावास्या-पौर्णिमेला तिथले बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी गर्दी असते आणि जेवण ताजं. बटाटा-गाजर मात्र दोन्हीकडं चालतं, तेव्हा गाईडकडनं त्यांच्या भाषेत चिठ्ठी लिहून घ्या : हे-हे कंद नकोत, अळंबी नको. आचाऱ्याच्या हातात कागद द्या, वेटरला तोंडी सांगू नका. एवढं करून एखादा दिवस उपाशी जायची पाळी येतेच, त्यासाठी बॅगेत कडक भाकरी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी.

प्रश्न : लेक जपानला असते, आम्ही दोघं तिच्याकडं जातोय. ती रोज नाट्टो खाते, आम्हालाही देईन म्हणते. ह्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाट्टो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, ढवळलं की तारा सुटतात, वास उग्र. अक्का, तुम्ही बिनधास्त खा, गरम भातावर बरं लागतं. ह्यांची गोळी वॉरफरिन असेल तर एक चमचाही नको. नाट्टोत के जीवनसत्त्व भरपूर, त्यानं वॉरफरिनचा असर मोडतो आणि तो परिणाम काही दिवस टिकतो. गोळी दुसरी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना पाकिटावरचं नाव वाचून सांगा. ‘रक्त पातळ करायची’ एवढ्यावर त्यांनाही सांगता येणार नाही.