संकराचा जोम, शेतातला आणि घरातला

संकरित बाजरी गेल्या साली झकास आली. तिचंच बी राखून पेरलं, तर यंदा ताटं कुठे उंच, कुठे खुजी. बी बिघडलं का?

बिघडलं नाही, ते असंच वागतं. दोन शुद्ध वाणांच्या संकरात एकाची दुबळी जनुकं दुसऱ्याच्या सशक्त जनुकांखाली झाकली जातात. जोम येतो तो मुख्यतः यातून. पुढच्या पिढीत वाटणी नव्याने होते आणि झाकलेलं उघडं पडतं. बी राखायचंच असेल तर ‘धनशक्ती’सारखा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण घ्या, आणि कणसं शेताच्या मधल्या भागातली निवडा. कडेला शेजारच्या बाजरीचे पराग येतात.

मग गावरान वाण कशाला जपायचे?

१९६५ साली आलेली एचबी-१ बाजरी आठवा. ती आणि तिच्यामागून आलेले संकर एकाच मादी वाणावर, टिफ्ट २३ए वर, उभे होते. १९७० च्या दशकात गोसावी रोगाने ही पिकं झोपवली. रोगाला दाद न देणारी जनुकं मग देशोदेशीच्या जुन्या वाणांत शोधावी लागली. ते वाण कुणी राखलेच नसते तर?

मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. गोत्र वेगळं आहे, मग धोका नाही ना?

गोत्र वडिलांकडून येतं, जनुकं दोघांकडून. तुमची आजी-आजोबांची जोडी एकच, त्यामुळे तुमची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक आहेत. गंभीर जन्मजात दोषाची शक्यता एरवी २-३ टक्के असते. आते-मामे भावंडांच्या मुलांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. घाबरवणारे नातेवाईक हे सांगत नाहीत. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या अशीच लग्नं झाली असतील, किंवा जन्मजात बहिरेपणा, थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. डार्विनचीही बायको मामेबहीणच. झाडांतल्या स्वपरागणाचे तोटे त्याने वर्षानुवर्षं मोजले, आणि आपल्या मुलांच्या तब्येतीची धास्तीही घेतली.

आंतरजातीय लग्नातून मुलं जास्त हुशार होतात म्हणे?

अशी हमी कुणीही देऊ नये. माणसं म्हणजे शुद्ध केलेले वाण नव्हेत. एखाद्या समाजात साचलेला दुर्मिळ आजार मुलांत येण्याची शक्यता कमी होते, इतकंच. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक समाजांत आहे. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचं एक जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, मग जात कोणतीही असो. म्हणून लग्न पटलं म्हणून करा, आणि रक्ततपासणी दोघांचीही करा.